पेट्रोनाला हाका

नेनी इव्हर्ना कुणाच्याही घरी गेली की आधी खुर्ची फिरवून घ्यायची. दार समोर दिसलं पाहिजे, रस्ता दिसला तर उत्तम. मग समोर सूप आलं की वाटी यजमानणीकडं सरकवायची. "आधी तू घे." ती बिचारी हसत एक चमचा घ्यायची, नेनी तिच्या गळ्याकडं बघत राहायची, आणि घोट खाली उतरल्याची खात्री झाली की मग स्वतःचा चमचा उचलायची.

"नेनी, तुझ्या सुपात विष कोण घालणार आहे?"

"ज्याला घालायचंय तो काय तुला विचारून घालेल?"

ती माझी नेनी, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरून उभी राहिलेली. पाळकानं माझ्या डोक्यावर पाणी घालायच्या आधी तिनं म्हणे त्यात बोट बुडवून चाटून पाहिलं होतं.

आमच्या गावात, पेती ब्वामध्ये, सगळे तिला मिस व्हर्नी म्हणत. आडनाव क्वाऊ. काम कपड्यांना खळ घालायचं. आमच्या डोंगरउतारावर आरारूट मुबलक, त्याची खळ ती अशी शिजवायची की पांढरा सदरा वाळल्यावर स्वतःच्या पायावर उभा राहील. मेथडिस्टांच्या गायकवृंदाचे झगे तिच्याकडं, लग्नाचे पोशाख तिच्याकडं, मेलेल्याला घालायचा शर्टही तिच्याकडं. शर्टाच्या कॉलरवरून ती माणसाची सगळी कुंडली काढायची. "मिस्टर गेम्सनी दारू सोडली म्हणतात ना? कॉलरला विचार."

चर्चमध्ये तिची जागा ठरलेली. शेवटचा बाक, वाटेकडचं टोक, तेही तिरकं, एक डोळा वेदीकडं आणि एक उघड्या दाराकडं. एकदा नव्या पाळकानं सगळ्यांसमोर तिला टोकलं, "मिस क्वाऊ, देव इकडं पुढं आहे."

"ठाऊक आहे मला," नेनी म्हणाली. "सगळे तिकडंच बघतायत. मागं कुणी बघायचं?"

लोक हसले. नेनी हसली नाही. तिला लहानपणी कामच ते दिलेलं होतं.

तिची आई, मा झेफी, शेकर होती. आत्मा अंगावर आला की थरथरायचे म्हणून गावानं ठेवलेलं नाव. तेव्हा आमच्या बेटावर शेकरांवर बंदी होती; टाळी वाजवली, घंटा वाजवली, डोक्याला फडकं बांधून चार माणसं प्रार्थनेला जमली, की पोलीस. मग ही माणसं पांढरे कपडे आरारूटच्या पोत्यात लपवून रानात चढायची. वर बांबूच्या बेटात प्रार्थना चालायची, आणि खाली वाटेच्या वळणावर, एका सपाट दगडावर, लहानगी इव्हर्ना बसायची. पाठ प्रार्थनेकडं, तोंड पोलीस चौकीच्या रस्त्याकडं. कुणी येताना दिसलं तर ओरडायचं नाही, पळायचं नाही. फक्त हरवलेल्या बकरीला हाका मारायच्या.

"पेट्रोनाऽऽ! अगं ए पेट्रोनाऽऽ! कुठं मेलीस गं?"

बकरी कुणाचीच नव्हती. त्यांच्या घरी साधी कोंबडीसुद्धा नव्हती. पण ती हाक ऐकू आली की वर मेणबत्त्या विझायच्या, घंटा कुणाच्या तरी झग्याच्या घोळात जायची, आणि पोलीस पोचेपर्यंत तिथं काही बाया लाकडं गोळा करत असायच्या.

"म्हणजे तू आतली प्रार्थना कधी पाहिलीसच नाहीस?" मी एकदा विचारलं.

"पाठीनं पाहिली," नेनी म्हणाली.

आणि मग एका रविवारी पोलीस आले. चौकीच्या रस्त्यानं आलेच नाहीत, गावाकडच्या पायवाटेनं, म्हणजे इव्हर्ना ज्या वाटेनं चढून आली होती त्याच वाटेनं वर आले. तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा सार्जंटचे बूट दिसले. तिनं जिवाच्या आकांतानं पेट्रोनाला हाका मारल्या, पण वर गाणं अशा काही रंगात आलेलं की कुणाला ऐकू गेलं नाही. मा झेफीला केसांना धरून खाली आणलं. तिनं दंड भरायला नकार दिला आणि किंग्जटाउनच्या तुरुंगात जाऊन बसली.

त्या दिवसापासून गावात एकच प्रश्न होता. कुणी फोडलं?

पायवाट पोलिसांना ठाऊक नव्हती. कुणीतरी दाखवली. दुकानदारानं? धाकट्या चुलत्यानं? लाकडं तोडणाऱ्या त्या बहिऱ्यानं? मोठी माणसं वर्षभरात थकली, विसरली. इव्हर्ना विसरली नाही. आई तुरुंगात असताना तिच्या दारात पहिला माणूस आला तो मेथडिस्ट शाळेचा मिस्टर नॅन्टन. त्यानं तिच्यासाठी पांढरे बूट आणले होते. "मुली, शाळेत ये. चर्चला ये. आम्ही आहोत."

एवढं चांगुलपण? उगाचच? तिच्या मनात पाल चुकचुकली. आणि म्हणून ती मेथडिस्ट झाली. देवासाठी नाही, बुटांसाठीही नाही. नॅन्टनवर नजर ठेवायला. आज ना उद्या त्याच्या तोंडून निसटेल म्हणून ती रविवारमागून रविवार शेवटच्या बाकावर बसत गेली. तिथंच ती मोठी झाली, तिथंच लग्न झालं, तिच्या मुलीचा, मार्वाचा बाप्तिस्मा तिथंच झाला. नवरा बोटीवर गेला तो तिकडंच राहिला, त्याची बातमीही तिथंच कळली. शेवटी नॅन्टन मेला. त्याचा शर्ट नेनीनंच खळ घालून दिला. पुरताना ती खड्ड्याच्या अगदी काठावर उभी होती.

"मरताना तरी बोलेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "आत घेऊन गेला."

"मग आता तरी सोड की मेथडिस्टांना!"

"आता कुठं जाऊ? सगळी गीतं पाठ झालीयत."

बंदी उठली तेव्हा नेनी तरुण होती. मा झेफी म्हातारपणी अंगणात उघड उघड घंटा वाजवायची, चारही कोपऱ्यांत पाणी शिंपडायची, आणि नेनी घरातून खिडक्या लावून घ्यायची.

"पोरी, आता कुणी पकडत नाही," मा झेफी म्हणायची.

"म्हणून तर भीती वाटते. पकडत नाहीत, म्हणजे बघतायत."

मा झेफी गेली आणि पितळेची ती छोटी घंटा मागं राहिली. लाकडी मुठीची, हातात मावेल एवढी.

आता मार्वा. नेनीची एकुलती एक. तिच्या तरुणपणी आमच्या क्रिकेटच्या मैदानावर एक मोठा तंबू उभा राहिला. भोंगे, ड्रम, आणि परदेशातून शिकून आलेला पास्टर लाव्हिया. मार्वा एका संध्याकाळी सहज बघायला गेली ती तारण पावूनच परतली. कानातली काढली, कार्निव्हलचे फोटो फाडले, ख्रिसमसच्या केकमधली रम बंद केली. तंबूचं पुढं पक्कं चर्च झालं, वातानुकूलित. आणि मार्वा तिथल्या भगिनी मंडळाची प्रमुख. तिथं लोक अनोळखी भाषांत बोलतात, हात वर करतात, आणि थरथरतात.

नेनी एकदा बघायला गेली होती. दाराजवळ बसली, अर्थात. घरी आल्यावर स्वयंपाकघरात जी जुंपली ती आमच्या अंगणापर्यंत ऐकू येत होती.

"माझी आई थरथरली तर तुरुंग, आणि तू थरथरलीस तर हालेलुया?"

"मा, ती थरथर वेगळी. आमच्यावर पवित्र आत्मा येतो."

"आणि तिच्यावर काय पोस्टमन यायचा?"

"आजीचं ते सगळं भुताचं होतं! मेणबत्त्या, घंटा, पाणी शिंपडणं! पास्टर म्हणतात, अशी एक वस्तू घरात असली तर अख्ख्या घराला शाप. ती घंटा कुठाय?"

"समुद्रात टाकली."

"कधी?"

"भरती होती तेव्हा."

मार्वानं बराच वेळ आईकडं पाहिलं. शेवटी मुलगी तिचीच. पण घंटा सापडली नाही, कारण ती आरारूटच्या डब्यात तळाशी होती, आतल्या लोलकाला फ्लॅनेल गुंडाळलेली, वर चार बोटं पीठ. त्या डब्याला नेनीशिवाय कुणी हात लावत नसे. आणि मला हे ठाऊक होतं ते केवळ डबा उचलताना एकदा माझ्याकडून तो 'टण्' वाजला म्हणून. "आता तुलाही सांभाळावं लागणार," असं नेनी म्हणाली होती, जणू घंटेबरोबर मीही डब्यात गेले.

घर मार्वाचं होतं. तिच्या नवऱ्यानं बोटींवर राबून बांधलेलं, दोन मजली, पिवळं. त्यात मार्वा, तिची मुलगी तिर्सा, आणि खालच्या खोलीत नेनी. एका रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला होते. शेजारच्या गावातली एक मुलगी शेकरांत गेली, अशी बातमी मार्वानंच आणली होती. वाढता वाढता ती म्हणाली, "मी आजच सांगून ठेवते. माझ्या घरातलं कुणी त्या घंटेच्या मागं गेलं तर त्यानं पुन्हा ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. मुलगी असो नाहीतर आई असो. प्रभूसमोर शपथ घेतलीय मी. सगळ्या भगिनींसमोर."

"मीठ दे," तिर्सा म्हणाली.

तिनं मिठाची बशी घेतली, आणि मीठ न घालताच खाली ठेवली. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नेनीनं नंतर सांगितलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी सकाळी सकाळी नेनी आमच्या मागच्या दारात.

"दार लाव."

लावलं.

"खिडकी."

तीही लावली.

"घंटा गेली," नेनी म्हणाली. "पीठ सारखं केलेलं आहे वरून. फ्लॅनेल मात्र खाली तसंच. चोर घाईत नव्हता."

"मार्वा?"

"मार्वाला मिळाली असती तर आतापर्यंत पास्टर, भोंगे आणि अभिषेकाच्या तेलाची बाटली आली असती अंगणात. मार्वा नाही. तू आहेस?"

"नेनी!"

"विचारायला पाहिजे. वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांना विचारते मी." मग तिनं आवाज उतरवला. "तिर्साच्या परकराला मेण लागलंय. मी म्हटलं हे काय, तर म्हणते लाइट गेली होती. आपल्याकडं लाइट गेली होती का?"

"नाही."

"आणि परकर तिनं स्वतः धुतला. आमच्या घरात पांढरं माझ्याशिवाय कुणी धुतलेलं नाही, तिच्या जन्मापासून. स्वतःचं पांढरं जी मुलगी स्वतः धुते तिच्याकडं लपवायला काहीतरी असतं."

"एखादा मुलगा असेल."

"मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलं मेणबत्त्या लावायला सांगत नाहीत, विझवायला सांगतात."

तिर्सा नर्सिंग शिकत होती. ती एक आठवडा जॉर्जटाउनला मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते असं सांगून गेली. मार्वानं डबा भरून दिला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. नेनीनं बाजारात त्या मैत्रिणीच्या आईला गाठलं आणि रताळी निवडता निवडता सहज विचारलं. मैत्रीण महिनाभर बार्बेडोसला होती.

"शोक धरायला गेलीय ती," नेनीनं मला सांगितलं. रताळ्याची पिशवी तिनं अजून खाली ठेवली नव्हती. "मेण, पांढरं, घंटा, आठवडा. दुसरं काय असणार?"

शेकरांमध्ये हा सगळ्यात मोठा विधी, मेलेल्याचा नाही, स्वतःच्या पापांचा शोक. डोळ्यांवर रंगीत पट्ट्या बांधून आतल्या खोलीत जमिनीवर पडून राहायचं, जेमतेम खायचं, आणि आत्म्यानं प्रवासाला निघायचं. कुणी चीनला जाऊन येतं, कुणी आफ्रिकेला, कुणाला समुद्राच्या तळाशी शाळा दिसते. शेवटी रविवारी त्यांना उठवतात, आणि काय पाहिलं ते त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं.

"उठवताना कुणी आत घुसलं, आरडाओरडा केला, तर जीव वाटेतच अडकतो, असं माझी आई म्हणायची," नेनी म्हणाली.

"तुझा विश्वास आहे त्यावर?"

"माझा कशावरच नाही. म्हणून तर मला काहीच खोटं आहे असं म्हणता येत नाही." मग ती म्हणाली, "मार्वाला कळलं तर पोरगी रस्त्यावर येईल. शपथ घेतलीय बाईनं, चारचौघींत. तिला मागं फिरता यायचं नाही. रविवारी तू माझ्याबरोबर चल."

"मी कशाला?"

"एकटी बाई रस्त्यानं गेली की लोक विचारतात कुठं. दोघी गेल्या की लोक उत्तर स्वतःच बनवतात."

रविवारी ती निघाली ती पूर्ण मेथडिस्ट वेषात. हॅट, हातमोजे, गीतांचं पुस्तक. चर्चच्या दारापर्यंत आम्ही सगळ्यांना दिसू अशा गेलो, आणि तिथून चर्चच्या मागच्या बाजूनं डोंगराकडं वळलो. तिच्या आयुष्यातला हा पहिला रविवार असेल जेव्हा शेवटचा बाक रिकामा राहिला. चढताना ती डावीकडं बघत होती, उजवीकडं बघत होती, प्रत्येक झुडपाशी थांबत होती. पुढं काय आहे याची तिला इतकी काळजी की मलाही तीच लागली.

जुन्या बांबूच्या बेटाशी आता शेकरांचं निळ्या रंगाचं प्रार्थनाघर आहे, वर पाटी, दाराशी कळशी आणि फुलं. मदर एग्लँटीन ते चालवते. ती नेनीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, मा झेफीच्या हाताखाली लहानाची मोठी झालेली. आतून गाणं येत होतं. सुरुवातीला शब्द होते, मग नुसता श्वास, आत-बाहेर, अख्खं घर धापा टाकतंय असा.

नेनी दारापर्यंत गेली नाही. वाटेच्या वळणावर एक सपाट दगड होता. तिनं रुमाल अंथरला आणि बसली. पाठ प्रार्थनाघराकडं.

"अगं, इथवर आलीस आणि—"

"श्श. माझी जागा हीच."

आत घंटा वाजली. नेनीच्या हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं.

"आईची आहे," ती म्हणाली. "उजव्या अंगाला जरा फुटकी वाजते. सार्जंटनं आपटली होती." थोड्या वेळानं पुन्हा: "म्हणजे पोरगी आत आहे. उठवतायत तिला." आणि मग एकदम रागानं, "चोरटी! माझ्या डब्यातून! मला विचारलं असतं तर मी काय—" इथं ती थांबली. विचारलं असतं तर तिनं काय केलं असतं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात मी खाली पाहिलं.

पायवाटेवरून मार्वा येत होती. तिच्या चर्चचा निळा सूट, उंच टाचांचे बूट एका हातात, अनवाणी, तरातरा. ज्या वाटेनं आम्ही आलो, अगदी त्याच वाटेनं.

"नेनी! हिला कुणी सांगितलं?"

नेनीनं मार्वाकडं पाहिलं. मग त्या वाटेकडं. मग स्वतःच्या पायांकडं. माझ्या आयुष्यात मी तिचा चेहरा असा रिकामा कधी पाहिला नव्हता.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "शेवटचा बाक रिकामा दिसला असेल कुणाला. हॅट घालून डोंगर चढताना मी दिसले असेन. तिला कळायला काय वेळ? तिला वाटलं, मीच जातेय इथं. माझ्या मागं आली ती." आणि मग अगदी हळू, "त्या दिवशीही नवा फ्रॉक होता गं माझा. आईनं पोत्यात ठेव म्हटलं होतं, मी अंगात घातला. कडक खळ. चालताना करकर वाजत होता. सगळ्या गावातून एकटी पोर पांढराशुभ्र फ्रॉक घालून डोंगर चढतेय... त्यांना वाट दाखवायला दुसरं कोण हवं होतं?"

मी खालच्या वाटेवर नजर ठेवली.

"नॅन्टन नव्हता तो," नेनी म्हणाली. "बिचारा. त्यानं नुसते बूट आणले होते."

मार्वा आता फणसाच्या झाडाशी पोचली होती. आणखी दोन वळणं. नेनी दगडावरून उठली. गुडघे वाजले. तिनं हॅट काढली, छाती भरून श्वास घेतला, आणि ती मेथडिस्ट म्हातारी हॅट हातात धरून डोंगरावर अशी काही कडाडली की बांबूतली पाखरं उडाली.

"पेट्रोनाऽऽऽ! अगं ए पेट्रोनाऽऽऽ! कुठं मेलीस गं, भवाने! पेट्रोनाऽऽ!"

आतलं गाणं तुटलं. एकदम, कापल्यासारखं. बंदी उठून माझ्या आईच्या वयाइतकी वर्षं लोटली होती. आतल्या निम्म्या माणसांनी कधी पोलीस पाहिला असेल तो रहदारीचा. पण मदर एग्लँटीन आत होती. तिनं ती हाक ओळखली, आणि तिच्या एका हाताच्या इशाऱ्यानं अख्खं घर गप्प झालं. खिडकीच्या फटीतून दिसणाऱ्या मेणबत्त्या एकामागून एक विझल्या.

मार्वा वळणावर आली. धापा टाकत, घामानं निथळत.

"मा! कोण पेट्रोना?"

"बकरी."

"आपल्याकडं बकरी नाहीय. कधीच नव्हती."

"म्हणून तर सापडत नाही."

मार्वानं माझ्याकडं पाहिलं. मी बांबूकडं पाहिलं.

"तू हाक मारलीस आणि आत सगळे गप्प झाले," मार्वा म्हणाली. ती मूर्ख नव्हती. नेनीच्या पोटी मूर्ख जन्मणं शक्यच नव्हतं. "हा इशारा आहे. आत कोण आहे?"

"देव असेल. त्याचंच घर म्हणतात."

"मा, बाजूला हो. मी बघणार आत जाऊन."

"वॉरंट आहे?"

"काय?"

"तेव्हा सार्जंटकडंही नव्हतं. पण तो निदान बूट घालून आला होता."

मार्वा पुढं सरकली. नेनी तिच्या आडवी. दोघी सारख्याच उंचीच्या, दोघींची हनुवटी तीच, दोघींच्या हातात काहीतरी काढलेलं, एकीच्या बूट आणि दुसरीच्या हॅट. मला वाटलं आता हाणामारी होणार, आणि मी नेमकं कुणाला धरायचं?

मग नेनीचा आवाज बदलला. तो दमलेला होता आणि त्यात कसलाच डाव नव्हता, म्हणून मला तो पहिल्यांदा संशयास्पद वाटला.

"तू माझ्या मागं आलीस ना, मार्वा? मला पकडायला?"

"हो."

"मग पकडलंस. तुझा संशय खरा आहे. घंटा मी समुद्रात टाकली नव्हती. आत वाजली ना मघाशी, ऐकलीस? तीच ती. मीच येते इथं. आत माझ्या आईची माणसं आहेत, माझी वाट बघतायत. तू शपथ घेतलीयस, ती मोडू नकोस. मी आज रात्री घरी येत नाही."

"मा—"

"मुलगी असो नाहीतर आई असो, म्हणाली होतीस. आई निघाली. झालं."

आणि ती वळली. सगळं आयुष्य जिनं तोंड रस्त्याकडं ठेवलं तिनं रस्त्याकडं पाठ केली. दाराशी बूट काढले, कळशीतलं पाणी हातावर घेतलं, आणि सवयीनं आधी चाटून पाहिलं. मग आत गेली. दार तिच्यामागं बंद झालं.

आम्ही दोघी बाहेर. आत कुणीतरी काडी ओढल्याचा आवाज. मग घंटा, तीच ती, एका अंगाला फुटकी. मार्वाच्या मानेवरची शीर उडाली. लहानपणी अंगणात रोज ऐकलेला आवाज असा सहज विसरता येत नाही, कितीही भोंगे लावा. मग आतून एक गाणं उठलं, आणि त्या गाण्यात एक तरुण आवाज होता, बसलेला, आठवडाभर पाणी न मिळाल्यासारखा कोरडा.

मार्वा ऐकत होती.

"आत आणखी कोण आहे?" तिनं मला विचारलं. माझ्याकडं न बघता.

"मला काय माहीत, मार्वा आंटी. मी बाहेरच आहे."

तिनं बूट पायांत घातले. मातीत टाचा रुतत होत्या तरी घातले. "मा-ला सांग, तिचे कपडे पायरीवर ठेवते," ती म्हणाली, आणि उतरू लागली. वळणापर्यंत तिनं दोनदा मागं पाहिलं.

तेव्हापासून नेनी आमच्या मागच्या खोलीत राहते. खुर्ची अजून दाराकडंच असते. प्रार्थनाघरात मात्र तिला पुढं बसवतात. तिथं बसून ती मदर एग्लँटीन फुलांचं पाणी रोज बदलते की नाही यावर नजर ठेवून असते. मेथडिस्टांच्या नव्या पाळकानं तिला परत बोलावलं. "तिकडं आता मागं कोण बघतं?" एवढंच तिनं विचारलं. शेकर झालीस का असं मी विचारलं तर म्हणते, "बघतेय अजून." नॅन्टनच्या थडग्यावर मात्र तिनं एक दिवस खळ घातलेला पांढरा रुमाल नेऊन ठेवला, आणि कुणी पाहिलं नाही ना, हे बघत परत आली.

तिर्सा सोमवारी घरी परतली, वह्या काखोटीला मारून. कपाळावर पट्ट्यांचा फिकट वळ होता. मार्वानं तो पाहिला. अभ्यास झाला का, विचारलं. झाला, तिर्सा म्हणाली. मार्वानं तिच्या ताटात दोनदा वाढलं. शपथेप्रमाणे एक जण घराबाहेर गेलं होतं. भगिनी मंडळात तेवढं पुरलं. कोण गेलं आणि कुणासाठी, हा विषय त्या घरात कुणी काढत नाही.

मार्वा आमच्याकडं येत नाही. पण तिच्या सुटाच्या आतले पांढरे ब्लाउज खळीसाठी अजून इथंच येतात, तिर्साच्या हातानं. मागच्या आठवड्यात ब्लाउजबरोबर एक झाकलेलं ताट आलं. भाजलेला ब्रेडफ्रूट, वर तळलेले मासे, अजून गरम.

"मम्मीनं पाठवलंय," तिर्सा म्हणाली. "आणि विचारलंय, बकरी सापडली का?"

नेनीनं झाकण उचललं. वास घेतला. ताट नातीकडं सरकवलं.

"आधी तू घे."

तिर्सानं एक तुकडा तोडला, चावला, गिळला. नेनी तिच्या गळ्याकडं बघत होती.

"सांग तिला, नाही सापडली अजून," नेनी म्हणाली, आणि मासा उचलला. "म्हणावं, रविवारी पुन्हा शोधायला जाणार आहोत. माणूस कमी पडतंय."